टँडम टपावर : रॅकच्या नोंदी

२ नोव्हेंबर

कारखान्यांचे हंगाम सुरू झाले. राधानगरी रस्त्यावर आता उसाच्या डबल ट्रॉल्या, बैलगाड्या आणि रस्ताभर पडलेल्या मोळ्या. एकटी असते तर कडेकडेनं काढली असती सायकल. पण ही टँडम आहे, दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल. पुढे मी, मागे दादा. दादाची नजर काचबिंदूनं गेली. त्याला समोरची ट्रॉली दिसत नाही, नुसती ऐकू येते, आणि ऐकू येते तेव्हा ती फार जवळ वाटते. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतून हळदी-परितेपर्यंतचा रस्ता गाडीनं मागे टाकायचा, राधानगरी ओलांडायची आणि मग दाजीपूरच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर सायकल उतरवायची, असं ठरलं. म्हणजे गाडीवर सायकल लादून न्यायला रॅक पाहिजे.

मापं घेतली. टायरपासून टायरपर्यंत लांबी २.४४ मीटर. पुढचं चाक काढलं की २.१० मीटर. दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर १.७६ मीटर. साध्या सायकलचं हेच अंतर मीटरभर असतं, आणि बाजारातले बहुतेक रॅक त्या मीटरभरासाठीच बनतात. वजन रेशन दुकानाच्या काट्यावर केलं : सगळ्यासकट साडेएकवीस किलो. पुढचं चाक, बाटल्या, पंप, मागची पिशवी काढून साडेएकोणीस. दुकानदारानं पावती फाडू का विचारलं.

गाडी अर्टिगा : लांबी ४३९५, रुंदी १७३५, उंची १६९० मिलिमीटर. टपावर रॅक अडकवायच्या कडेच्या दांड्या, म्हणजे रेल, नाहीत.

५ नोव्हेंबर

आधी फुकटातला पर्याय. मधली आणि मागची सीट पाडून सायकल आत घालून पाहिली. दोन्ही चाकं काढली, हँडल वळवलं, तिरकी केली तर बसते. पण मग गाडीत दोनच माणसं उरतात आणि वहिनी घरी राहते. वहिनी नसेल तर आम्ही घाटात असताना गाडी खाली आणून ठेवणार कोण? शिवाय प्रत्येक वेळी मागचं चाक काढायचं म्हणजे डिरेलर (गिअर बदलणारा भाग), चेन, ब्रेकची डिस्क असा सगळा काळा कारभार सीटच्या कापडावर. पाऊस लागला आणि सायकल झाकायची वेळ आली तरच हा मार्ग.

मग डिकीला पट्ट्यांनी अडकवायचा रॅक. सायकलच्या दुकानात तो हातात घेऊन पाहिला. एकट्या सायकलसाठी चांगली वस्तू आहे, किंमतही सोसण्याजोगी. टँडमला मात्र साफ नालायक. चाक काढलेली सायकल २.१० मीटर, गाडी १.७३५, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा सेंटिमीटर बाहेर. शाहूपुरीतल्या गर्दीत तो फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग, कुणाच्या तरी हँडलमध्ये नाहीतर कोपरात अडकणार हे नक्की. कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ साली जे पोटकलम घातलं त्यानुसार माल बाजूनं, पुढून, मागून किंवा उंचीनं मर्यादेबाहेर काढला तर वीस हजार रुपये दंड, वर तो माल उतरवून घ्यायचा खर्च. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात ते वेगळंच.

दादा तो रॅक चाचपत होता. पट्ट्यांचे हूक बोटात धरून म्हणाला, “ह्ये हूक पत्र्याच्या कडंला धरतंय. पत्रा वाकंल की.” दुकानदार काही बोलला नाही.

९ नोव्हेंबर

थोडक्यात बाद केलेले पर्याय, परत परत कुणी सुचवू नये म्हणून :

मागे हुक बसवून त्यावरचा रॅक. आपल्याकडच्या गाड्यांना कंपनीतून असा हुक सहसा नसतो. कुणी बंपरच्या मागे जोडून देईल, पण सायकल तिथेही आडवीच राहणार. अडचण तीच.

छोटा हत्ती भाड्यानं. वर्षातून एकदा ठीक. दर आठवड्याला परवडणार नाही, आणि रिकाम्या हौद्यात सायकल आडवी टाकून दोरीनं बांधली की रंग गेलाच.

एसटी. पूर्वी टपावर कॅरिअर असायचं, मागे शिडी असायची, कंडक्टर “वर टाका” म्हणायचा. आताच्या गाड्यांत तो विषय संपला.

फ्रेम मधून कापून स्क्रूचे जोड बसवणं. परदेशात टँडमवाले करतात, सुटकेसमधूनही नेतात. पण ते स्टीलच्या नाहीतर टायटॅनियमच्या फ्रेमवर. आमची ॲल्युमिनियमची आहे. करवत लावायची नाही.

उरला टप. टपावर सायकल गाडीच्या लांबीत बसते. ४.३९ मीटरच्या गाडीवर २.१० मीटरची सायकल कुठूनच बाहेर येत नाही. दिवे मोकळे, नंबरप्लेट मोकळी, सगळी दारं उघडतात.

११ नोव्हेंबर

टपाचा विचार करताना लोक आधी वजन विचारतात. साडेएकोणीस किलो सायकल, पाच किलो दोन आडवे बार, रॅकचे आठ धरले तर साडेबत्तीस. बारवर एक आकडा छापलेला असतो, गाडीच्या पुस्तकात छतासाठी दुसरा. दोनपैकी लहान असेल तो धरायचा, आणि त्यात बारचं वजनही मोजायचं. हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. आमचा हिशेब दोन्हींत बसतो.

उंची : बारचा माथा जमिनीपासून १.७८, वर रॅक, त्यावर दादाचं सीट. एकूण २.८५ मीटर. आमच्या घरी गाडी रस्त्यावरच असते, पण थिएटरच्या, हॉस्पिटलच्या तळघरात ती शिरणार नाही. डॅशबोर्डवर चिकटवायला पट्टी लिहून ठेवली : “वर सायकल आहे. २.८५.”

बार विकतच घ्यायचे, यावर दादा आणि मी दोघंही ठाम. दाराच्या चौकटीत धरणारे क्लँप त्या-त्या गाडीच्या वळणाप्रमाणे घडवलेले असतात, आणि टपावरच्या कॅरिअरसाठी आयएसओ १११५४ हे मानक आहे. ते पाळलेली जोडी मागवली. गाडी आणि बार यांच्यातला सांधा सुटला तर बाकी कशाला अर्थ नाही. त्याच्या वरचं काय ते उद्यमनगरातल्या वर्कशॉपात बनवून घ्यायचं.

१४ नोव्हेंबर

खरी अडचण आज कळली, आणि ती वजनाची नाही. चढवायचं कुणी?

माझी उंची पाच फूट दोन इंच. दादा सहा फुटाला जरा कमी, हातात अजून लेथवाल्याची ताकद, पण त्याला टप दिसत नाही. दोघांनी दोन टोकं धरून एकदम डोक्यावर उचलायची म्हणजे माझं टोक वर जाणारच नाही, आणि त्याचं टोक कुठे जाईल ते सांगता येणार नाही. दर वेळी तिसरा माणूस हाक मारून आणायचा, तर राधानगरीच्या पुढे कुणाला आणणार?

त्यामुळे रॅक निवडायची कसोटी एकच उरते : आम्ही दोघंच, मी बुटकी आणि तो न बघता, सायकल चढवू आणि उतरवू शकतो का. वजन, वारा, किंमत हे नंतर.

टँडमचे जे खास रॅक परदेशात निघाले, थुले आणि याकिमा यांचे, त्यांत पुढचा फोर्क धरणारी मूठ फिरती असते. आधी ती नुसती चैन वाटली होती. सायकलचं हेडसेट, म्हणजे हँडल फिरतं तो सांधा, वळतंच की, मग खाली आणखी एक सांधा कशाला? झाडूचा दांडा आणि फोर्कची क्विक रिलीज (चाक हातानं सोडवायची खिट्टी) घेऊन जेवणाच्या टेबलावर मांडून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. साध्या रॅकवर फोर्क धरणारा आस गाडीला आडवा असतो. त्या आसाभोवती सायकल फक्त पुढे-मागे झुकते. मागचं चाक खाली आणायला गेलं तर मध्ये टप येतो. तोच आस गाडीच्या लांबीला समांतर फिरवला, की सायकल गाडीच्या बाजूला झुकते आणि मागचं चाक सरळ रस्त्यावर टेकतं.

म्हणजे आधी मूठ बाजूला वळवायची, फोर्क तिच्यात बसवायचा, मागचं चाक जमिनीवरच. मग मागचं टोक उचलून अर्धगोल चालत गाडीकडे यायचं. एका वेळी एकच टोक, जेमतेम दहा किलो. आकडेही जुळतात : मुठीची उंची साधारण १.८५, मागचा आस जमिनीपासून ३४ सेंटिमीटर, लांबी १.७६, म्हणजे मागचं चाक गाडीपासून मीटरभरावर टेकेल. आमच्या बोळात तेवढी जागा नाही. चौकात आहे.

बाहेरून मागवायचा तर कस्टम ड्युटी आणि पाठवणावळ धरून रॅक सायकलच्या जवळपास जातो. दादा म्हणाला, “एक पिन, एक बुश. एवढ्यासाठी साता समुद्रापलीकडं?”

१७ नोव्हेंबर

कागदावर. माझा पहिला विचार मूठ थेट पुढच्या बारवर बसवायचा होता, सगळे तसंच करतात. हिशेब मांडला. दाराच्या क्लँपमुळे दोन बारांत ९० सेंटिमीटरच अंतर मिळतं. फोर्क पुढच्या बारवर असेल तर मागचं चाक मागच्या बारच्या ८६ सेंटिमीटर मागे लोंबतं, आणि दहा किलोचा तो भार तिथून लोंबला की जवळजवळ अख्ख्या सायकलचं वजन मागच्या बारवर येतं. पुढच्या बारवर अर्धा किलोही नाही. खड्डा आला की पुढचा बार वरच उचलला जाणार.

म्हणून मूठ बारवर नको. दोन्ही बारांवरून जाणारी एक लांब दांडी, तिचं पुढचं टोक पुढच्या बारच्या ४२ सेंटिमीटर पुढे, तिथे मूठ. मागे तेवढंच टोक बाहेर. सायकलचा मध्य दोन बारांच्या मध्यावर येतो, वजन निम्मं-निम्मं. दादाला सांगताना त्याच्या तळहातावर बोटानं काढून दाखवलं. त्यानं दोन बोटं उभी केली, वर पेन्सिल ठेवली, मागेपुढे सरकवली आणि मान डोलावली.

डावीकडे की उजवीकडे? डावीकडे. हायवेला गाडी कडेला घेतली की डावी बाजू शेताकडे असते, वाहनं उजवीकडून जातात. टँडमची पुढची-मागची पेडलं जोडणारी चेनही डावीकडेच असते, त्यामुळे छातीशी धरताना शर्ट काळा होणार. उजवीकडे दुसरी चेन आहेच. शर्ट वाचणार नाही.

१९ नोव्हेंबर, उद्यमनगर

दादा ज्या वर्कशॉपात उमेदीची वर्षं राहिला तिथेच गेलो. गाडी लावायला जागा नाही, सगळीकडे कास्टिंगची पोती आणि टेम्पो. आत गेल्यावर दादा माझा हात सोडतो. लेथ कुठे, ड्रिल कुठे, ग्राइंडर कुठे हे त्याला आवाजावरून माहीत. एका मशीनपाशी थांबून म्हणाला, “ह्याचा पट्टा बदलला न्हाई अजून?” बदललेला नव्हता.

मिस्त्रींनी कागद पाहिला. त्यांचं म्हणणं ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप घेऊ, हलका होईल. ५० बाय ५०, तीन मिलिमीटर जाडीचा, मीटरला दीड किलो. चाळीस बाय चाळीसचा दोन मिलिमीटर लोखंडी पाइप मीटरला दोन किलो चारशे ग्रॅम. सगळ्या दांडीत फरक दीडेक किलोचा. दादा लोखंडावर अडून बसला. ॲल्युमिनियमला आर्गननं वेल्डिंग होतं, पण सांध्याच्या आजूबाजूचा भाग त्या उष्णतेनं मऊ पडतो आणि परत कडक करायला भट्टी लागते. दणका बसणार तो नेमका त्याच सांध्यावर. “दीड किलोसाठी झोप कशाला घालवायची,” असं मिस्त्रीच शेवटी म्हणाले. मला विचाराल तर त्यांना वाद घालण्यातच जास्त गोडी होती. दोघांचं असं बोलणं बऱ्याच दिवसांनी झालं.

ठरलं ते :

दांडी एमएस, म्हणजे साध्या लोखंडी पाइपची, ४०×४०×२. मुठीची पिन ईएन-८ पोलादाची, २० मिलिमीटर. ती ज्यात फिरते तो बुश गनमेटलचा. मधे नायलॉनचा वॉशर, वर सहजी ढिला न होणारा नायलॉक नट. फोर्क धरायचा ठोकळा विकतचा, १०० मिलिमीटरच्या क्विक रिलीजचा. तो बनवत बसण्यात अर्थ नाही. मूठ सरळ झाली की स्प्रिंगची पिन आपोआप भोकात पडली पाहिजे, आणि पडल्याचा आवाज आला पाहिजे. हा आवाज दादानं मागितला.

मागच्या चाकाच्या खोबणीवर चर्चा लांबली. साधं सी-चॅनेल घेतलं तर चाक वरून नेम धरून त्यात सोडावं लागतं. दादाला ते जमणार नाही आणि मला तिथून दिसणार नाही. त्यानं सुचवलेला उपाय मला सुचला नसता : बाहेरची भिंत काढून टाका, आतली उंच करा. चाक बाजूनं येईल, आतल्या भिंतीला ठोकर खाईल, थांबेल. मग खाली सोडायचं. बाहेरच्या बाजूला नुसता बोटभर ओठ, चाक परत बाहेर घरंगळू नये एवढ्यापुरता. टायरवरून पट्टा.

२६ नोव्हेंबर

माल तयार. पावडर कोटिंगला पाठवण्याआधी दादानं सगळं चाचपून घेतलं. वेल्डवर अंगठा फिरवत गेला, एका ठिकाणी थांबला, “हितं भरलं न्हाई.” मिस्त्रींनी बॅटरी मारून पाहिलं. खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं. घासून परत भरलं.

पिन बुशात घालून फिरवली. अडकत नाही, खडखडत नाही. ग्रीस निपल बसवायचं का, यावर मिस्त्री हसले. पावसाळ्यापूर्वी काढून ग्रीस लावा म्हणाले.

नट ढिला होतोय का हे ओळखायला पोरं नटावर आणि पट्टीवर पांढऱ्या मार्करची रेघ ओढतात. रेघ तुटली की नट फिरला. आमच्याकडे त्याचबरोबर छिन्नीनं खाच पाडली आहे, नटावर एक आणि त्याच्याखालच्या पट्टीवर एक. दोन्ही खाचा समोरासमोर आहेत का हे नखानं कळतं. म्हणजे गाडी थांबली की तपासणीचं काम दादाचं. मला उन्हात ती पांढरी रेघ तशीही नीट दिसत नाही.

३० नोव्हेंबर

बार आले होते, बसवले. दारं लावून, रबर चिमटत नाही ना पाहिलं. दांडी वर चढवली. काट्यावर दांडी, मूठ, खोबण मिळून आठ किलो दोनशे. अंदाज बरा होता.

चढवायची रीत, जशी बसली तशी :

पुढचं चाक काढायचं. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकची चकती सरकवायची, कारण चाक नसताना लिव्हर दाबला गेला तर पॅड आवळून बसतात आणि मग रस्त्यात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसा. मागचा ब्रेक रबरबँडनं दाबून ठेवायचा, म्हणजे मागचं चाक गडगडत नाही. मूठ बाहेर वळवायची. मी स्टुलावर. दादा पुढची फ्रेम धरून फोर्क वर करतो, मी फोर्कची टोकं हातानं ठोकळ्यावर नेते. क्विक रिलीज आधी अर्धीच आवळायची, कारण मागचं टोक वर जाताना फोर्क आसाभोवती फिरला पाहिजे. फोर्कच्या टोकांना असलेले बारीक ओठ तेवढ्या वेळात तो निसटू देत नाहीत.

मग दादा फ्रेमवरून हात सरकवत मागे जातो. टँडमचा इथे फायदा, लांब नळी त्याला थेट मागच्या चाकाशी नेते. तो उचलतो आणि चालू लागतो. मी फक्त तीन शब्द वापरायचे : “ये”, “वर”, “सोड”. ठोकर बसली की चाकाचा टपकन आवाज येतो, आणि मुठीची पिन पडल्याचा टक्. दोन्ही ऐकू आले की “सोड”. बाकी सूचना देऊ नकोस असं त्यानं बजावलं. मी जास्त बोलते म्हणे.

बोळातली पोरं जमली होती. एकानं “काकी, विमान हाय काय?” विचारलं.

४ डिसेंबर

रस्त्यावरची चाचणी. आधी रंकाळ्याकडून फुलेवाडी नाक्यापर्यंत, गतिरोधकांसाठी. मागचं टोक वरखाली हलतं, पण खोबणीतून चाक उठत नाही. नाक्यावर थांबून दादानं खाचा तपासल्या. क्लँपचा एक नट अर्धा फेरा आवळावा लागला. नवीन रबर दबतं, ते अपेक्षित होतं.

मग हायवेला, किणीच्या दिशेनं. साठला शांत. सत्तरच्या पुढे बारमधून शिट्टी येऊ लागली. बारवर जुन्या ट्यूबची पट्टी पिळवटून गुंडाळली, शिट्टी गेली. ट्रक बाजूनं गेला की पुढचं टोक बाजूला ढकललं जातं, दांडी लांब असल्यानं ते जाणवतं. बॉनेटखालच्या बोल्टला कापडी पट्ट्यांचे दोन फासे अडकवून तिथून मुठीपर्यंत दोन ताण दिले, इंग्रजी व्हीसारखे. आता काचेतून पाहिलं तरी काही हलत नाही.

वेग ऐंशीच. हवेचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे शंभरला तो ऐंशीच्या दीडपटीहून थोडा जास्तच. गाडी शंभरनं जाते म्हणून सायकलनं का सोसायचं? शिवाय ब्रेक मारताना टपावरचं वजन पुढे झुकल्यासारखं वाटतं. पुढच्या वाहनापासून अंतर नेहमीपेक्षा जास्त.

टोल नाक्यावर छताखालून जाताना मान आपोआप खाली जाते. छत कितीतरी उंच आहे, तरीही.

७ डिसेंबर

राधानगरी. पहाटे निघालो, वहिनी मागच्या सीटवर, सायकलचं पुढचं चाक गोधडीत गुंडाळून तिच्या शेजारी. परित्याजवळ उसाच्या ट्रॉल्यांची रांग, तिथे बराच वेळ गेला. एका ट्रॉलीचा ऊस बाजूला इतका आला होता की त्याची टोकं मुठीच्या फूटभर अंतरावरून गेली. डावीकडे बसवल्याचा आणखी एक फायदा.

धरणाच्या पुढे रुंद कडा बघून गाडी लावली. उतरवणं चढवण्यापेक्षा अवघड आहे हे लक्षात ठेवायचं : पिन ओढून मूठ सुटते तेव्हा दादाच्या हातात वजन आधीच असलं पाहिजे. क्रम असा : दादा मागचं टोक धरतो, “धरलं” म्हणतो, मग मी टायरचा पट्टा काढते, क्विक रिलीज अर्धी सैल करते, शेवटी पिन. पट्टा आधी काढायचा नाही.

दाजीपूरच्या रस्त्याला गर्दी नव्हती. दादा मागून चढावर जोर लावत होता, मला गिअर बदल म्हणून सांगत होता आणि तो बरोबर होता. सायकलीबद्दल वेगळं लिहीन, ही वही रॅकची आहे.

परतताना हळदीला चहा घेतला, तिथे खाचा तपासल्या, सगळ्या समोरासमोर.

८ डिसेंबर

उरलेली कामं. पुढच्या चाकाला आत गोधडीऐवजी पिशवी. वहिनीच्या साडीला ग्रीस लागलं, त्यावर बोलणं झालं. डाव्या चेनवर गुंडाळायला कॅनव्हासचा तुकडा. क्विक रिलीजला कुलूप नाही, चहाला थांबलो तरी गाडी नजरेसमोर ठेवावी लागते. दांडीला एक कडी वेल्ड करून तिथून फ्रेमला साखळी घालायची. स्टूल प्लॅस्टिकचं आहे, मातीत पाय रुततात. रुंद पायाचं लोखंडी, घडीचं पाहायचं.

मिस्त्रींचा फोन आला होता. त्यांच्याकडे कुणीतरी सायकलवाला आला, एकट्या सायकलसाठी फिरती मूठ बनवून द्या म्हणाला. मिस्त्रींनी विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, एकटी सायकल असेल तर साधा विकतचा रॅक घ्यायला सांगा, निम्म्या पैशात होईल. दादा मागून ओरडला, “त्याची उंची विचारा आधी.”